बंदीत भट्टी लावताय? मग खंजीर नको, आधी कोयती घडवा



१ जूनला बोटी वर ओढल्या की ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, आपल्या घरांत काय चालतं ते सांगायला नको. जाळी शिवणं, इंजिन खोलणं, रंगकाम, आणि उरलेला सगळा वेळ मोबाईल. त्या मोबाईलमधूनच हल्ली एक नवीन खूळ आलंय. पोरं घरामागे चार विटा मांडून भट्टी लावतात आणि सुऱ्या घडवतात. काही घरांत आई वैतागलेली, काही घरांत बाप कौतुकाने ब्लोअर फिरवतोय.

माझं मत विचाराल तर खूळ चांगलं आहे. फक्त सुरुवात उलट्या टोकाने होतेय. पहिल्याच आठवड्यात पोराला खंजीर हवा असतो, नाहीतर नक्षीदार दमास्कसचं पातं. आणि त्याच घरातली आई बाजारात बसून बाजारातल्या पातळ स्टीलच्या सुरीने घोळीचं डोकं फोडते, दर चार माश्यांनी धार लावते आणि दर सहा महिन्यांनी नवीन सुरी घेते. ज्याच्या घरात रोज शे-दीडशे मासे कापले जातात, त्याने पहिली वस्तू काय घडवावी हे सांगायला लागू नये. कोयती घडवा. मग लहान सुरी. बर्फाचा टोचा त्याहून सोपा, तो तर पहिल्या दिवशी होतो.

लाकडी होड्या होत्या तेव्हा खिळे, कड्या, नांगर, कोयते सगळं गावच्या लोहाराकडून यायचं. फायबर आलं, वेल्डिंगवाला आला, लोहाराची भट्टी थंड झाली. आता कोयतीची पाठ किती जाड हवी, मूठ कुठे वळवली की मनगट दुखत नाही, हे फक्त कापणाऱ्या बाईला माहीत आहे. आणि ऐकून घेणारा घडवणारा उरलेला नाही. घरचं पोर घडवायला लागलं तर ही तुटलेली गाठ परत बसेल, म्हणून मी या खुळाच्या बाजूने आहे.

शिकायचं कुठे? व्हिडिओत हात दिसतो, तापलेल्या लोखंडाचा खरा रंग दिसत नाही, कारण कॅमेरा तो बदलतो. आणि लोहारकामात रंग हेच निम्मं शिक्षण. त्यासाठी जिवंत भट्टीसमोर बसावं लागतं.

बंदीत आपल्यातली बरीच मंडळी महाकाल आणि ओंकारेश्वर करायला निघतात. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला उतरायचं. एका अंगाला ५५ किलोमीटरवर उज्जैन, दुसऱ्या अंगाला साधारण ८० किलोमीटरवर ओंकारेश्वर. होळकरांचं शहर, मराठी घरं आजही पुष्कळ, त्यामुळे परकं वाटत नाही. रात्र सराफ्यात खाण्यात जाते. (ओंकारेश्वर-महेश्वरला नर्मदेत जाळी टाकलेली दिसली नाहीत तर नवल नको. मध्य प्रदेशातही १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते.) याच इंदूरच्या रस्त्याकडेला, ताडपत्रीच्या पालापुढे जमिनीलगत भट्टी लावून बसलेली कुटुंबं दिसतात. ते गाडिया लोहार. आपल्याकडच्या भटक्या जमातींच्या सरकारी यादीत घिसाडी आणि गाडी लोहार ही नावं एकत्रच येतात, त्यामुळे हे लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत.

त्यांची कथा अशी की ते चितोडचे. १५६८ मध्ये अकबराने चितोडगड घेतला, तेव्हा त्यांनी शपथ घेतली म्हणे: गड परत मिळेपर्यंत गडावर पाय ठेवायचा नाही, पक्क्या घरात राहायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही, दिवा लावायचा नाही, विहिरीचं पाणी काढायला दोरखंड बाळगायचा नाही. बैलगाडी हेच घर. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने गडावर नेलं. शपथ सुटली, पण बऱ्याच जणांच्या डोक्यावर अजून ताडपत्रीच आहे.

त्यांच्यापुढे तासभर बसा. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि लहान हातोडीने कुठे मारायचं ते दाखवतो. समोर उभी राहून दोन्ही हातांनी घण मारते ती बाई. मालक-मजूर असा प्रकार नाही, जाळं ओढताना असतं तसं ताल धरून चाललेलं काम. मोजमापाचं यंत्र एकही नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा लालभडक होतो, नारिंगी होतो, मग बाहेर येतो. आठ-दहा घाव आणि परत आत. लोखंड काळपट लाल झालं की घाव थांबले. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. थंड होत आलेल्या लोखंडावर तो जोर लावून मारत राहतो, आणि पोलादाला बारीक चीर जाते. ती तेव्हा दिसत नाही, पाणी देताना दिसते.

एक गोष्ट मात्र सांगतो, राग आला तरी चालेल. तिथे कोयता घेताना आपली माणसं जशी घासाघीस करतात ती बघवत नाही. जेटीवर पापलेटचा भाव कोणी पाडून मागितला तर आपण काय बोलतो ते आठवा. शिकायला बसणार असाल तर त्यांच्या दिवसाचे पैसे द्या, आधी विचारून द्या, आणि फोटो काढायच्या आधीही विचारा.

आता लोखंडाबद्दल. आपल्या अंगणात भंगार भरपूर असतं, पण त्यातलं सुरीच्या कामाचं फार थोडं. बांधकामाच्या सळईत कार्बन कमी, तिला कितीही पाणी द्या, धार टिकणार नाही. नांगराची साखळीही नरम. पंख्याचा शाफ्ट स्टेनलेस असेल तर तोही या कामाचा नाही. चालतो तो ट्रक-टेम्पोच्या कमानीचा पाटा. त्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन असतो, म्हणजे कडक होण्याइतका आणि चटकन न तुटण्याइतका. म्हणूनच इंदूरचा लोहारही तोच वापरतो, आणि ट्रकांच्या वर्दळीमुळे त्याला तो सहज मिळतो. आपल्या मासळीच्या गाड्यांचे मोडके पाटे गॅरेजमागे पडलेले असतातच. फक्त पाटा जिथे मोडला त्याच्या जवळचा तुकडा घेऊ नका, तिथे आतून आणखी चिरा असू शकतात. विंचच्या जुन्या वायर रोपमधलं पोलाद चांगलं असतं आणि त्याचं नक्षीदार पातंही होतं, हे खरं. पण त्याच्या तारा भट्टीत एकजीव कराव्या लागतात, ग्रीस आधी जाळून काढावं लागतं. ते पहिल्या वर्षाचं काम नव्हे.

आणि एक धोका असा आहे जो व्हिडिओवाल्यांना फारसा नसतो, पण आपल्याला आहे. आपलं निम्मं भंगार गॅल्व्हनाइज्ड असतं: शॅकल, साखळ्या, तार, पाइप. त्यावरचं जस्त भट्टीत जळतं आणि पांढरा धूर येतो. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, जास्त गेला तर हॉस्पिटल. जस्त चढवलेला तुकडा भट्टीत घालायचाच नाही. "थोडासाच आहे, जळून जाईल" म्हणणाऱ्याला तिथून उठवा.

भट्टी साधी. जुनी ट्रकची ब्रेक ड्रम, नाहीतर मातीने लिंपलेला खड्डा, बाजूने लोखंडी पाइप आणि हाताने फिरवायचा ब्लोअर. कोळसा लाकडाचा, करवंटीचा कोळसा मिळाला तर उत्तम. ऐरण विकत घ्यायची घाई नको. जाड लोखंडी ठोकळा, नाहीतर मोठ्या घणाचं डोकं ओंडक्यात घट्ट बसवलं तरी वर्षभर पुरतं. रेल्वेच्या रुळाचा तुकडा मात्र भंगारवाल्याकडून बिनपावतीचा आणू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तो कडक आहे. एक किलोचा हातोडा, एक सांडशी, एक मोठी कानस, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. इंदूरला गेलातच तर सियागंजच्या हार्डवेअरच्या गल्ल्यांत फेरी मारा, पण यातलं बहुतेक आपल्या तालुक्याच्या बाजारातही मिळतं.

जागा मात्र नीट निवडा. जाळी नायलॉनची, बाजूला डिझेलचे कॅन, घराला लागून गॅसचा सिलिंडर, हे आपल्या अंगणाचं चित्र. एक ठिणगी आणि दोन लाखांचं जाळं गेलं. भट्टी उघड्यावर, जाळ्यांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पावसामुळे ताडपत्री बांधाल तर चारी बाजू मोकळ्या ठेवा, कोळशाचा वायू वास देत नाही आणि माणूस झोपल्यासारखा जातो. बोटीच्या केबिनमध्ये किंवा बंद खोलीत तर कधीच नाही. अंगात सुती कपडे, ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटते. पायात चप्पल नको, बूट. डोळ्यांवर चष्मा. आणि बाजूला वाळूची बादली.

आता खरी परीक्षा, पाणी देणं. पोर दहा दिवस ठोकून पातं बनवतं आणि दहा सेकंदांत घालवतं, ते इथे. आधी पातं घडवून, कानशीने आकार देऊन घ्यायचं, पण धार पूर्ण पातळ करायची नाही. साधारण रुपयाच्या नाण्याएवढी जाडी ठेवायची, नाहीतर वाकडी होते किंवा तडकते. मग दोन-तीन वेळा लाल करून हवेत सावकाश गार होऊ द्यायचं, ठोकून आलेला ताण निघतो. नंतर शेवटचा ताव. सावलीत, ऊन नको, उन्हात रंग फसवतो. लोहचुंबक लावून बघायचं. साधारण ७७० डिग्रीला लोखंडाला चुंबक चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर, रंग सगळीकडे सारखा आला की तेलात टोक आधी घालून सरळ उतरवायचं. आडवं हलवायचं नाही.

जुने लोहार फक्त धार पाण्यात बुडवतात, पाठीची ऊब पुन्हा धारेकडे येऊ देतात आणि रंग बघून परत बुडवतात. बघायला सोपं, करायला पंधरा वर्षं लागतात. पाट्याचं पोलाद पूर्ण पाण्यात घातलं तर तडकायची भीती मोठी. नवशिक्याने तेलच वापरावं. तेल कुठलं? बोटीचं जळकं ऑइल फुकट असतं म्हणून सगळे तेच आणतात. नको. त्यात इंजिनाची झीज, घाण, काय काय असतं आणि त्याचा धूर आपल्याच नाकात जातो. सोयाबीनचं खायचं तेल चार-पाच लिटर घ्या, ५०-६० डिग्रीपर्यंत कोमट करा. लोखंडी उंच डबा, वर झाकण हाताशी, कारण तेल भडकतं. प्लास्टिकची बादली आणलेली मी ऐकलीय, आणखी काय बोलू.

तेलातून काढलेलं पातं काचेसारखं असतं. कानस घासली तर घसरते. तसंच हातातून पडलं तर दोन तुकडे होतील. म्हणून त्याच दिवशी ते परत हलकं तापवायचं. सुरीसाठी २०० डिग्रीला दोन तास, गार करून परत दोन तास. घरचा ओव्हन चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर ठेवा. पुसून चकचकीत केलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग आला पाहिजे. कोयती हाडावर पडते, तिला थोडी जास्त नरमाई लागते, २५० च्या आसपास, तपकिरी रंगापर्यंत. निळं झालं तर धार मऊ पडली समजा. एवढा एक भाग नीट जमला तर सुरी जमली. बाकी चमक, नक्षी, पितळी मूठ हा नंतरचा शृंगार.

कोणी म्हणेल, स्टेनलेस बरं, गंज तरी नाही. खरं आहे ते, आणि म्हणून माझं म्हणणं अर्धंच ऐका. बोटीवर, खाऱ्या पाण्यात, पंख्यात अडकलेली दोरी कापायला कमरेला लावायची सुरी स्टेनलेसचीच ठेवा. महिनाभर कोणी पुसणार नाही आणि गरज पडेल त्या क्षणी ती म्यानात गंजून अडकली तर जिवावर बेतेल. बाजारातल्या पाटावर मात्र पाट्याचं पोलाद सरस. साध्या दगडावर चार फेऱ्यांत धार येते. फक्त काम झालं की गोड्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आपल्या आज्या हेच करायच्या. पातं काळसर पडतं, ते खराब झालेलं नसतं.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे तलवारी, खंजीर आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. आपली कोयती दोन इंचांहून रुंद असते, पण ती कामाची वस्तू आहे हे तिच्याकडे बघून कळतं. दुधारी खंजिराकडे बघून काय कळतं? पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर पोलीस कोयत्याकडे कसं बघतात हे वेगळं सांगायला नको. इंदूरच्या खाली निमाडात शिकलीगर कारागीर आहेत, पिढीजात धार-पॉलिशवाले, हात सोन्याचा. त्यातल्या काहींनी देशी पिस्तुलं बनवली आणि अख्ख्या जमातीच्या नावाला डाग लागला, ज्यांनी कधी कोयत्यापलीकडे काही केलं नाही त्यांच्याही. तेव्हा पोरांनो, हातात सुरी घेऊन चेहऱ्यापुढे धरलेले रील टाकू नका. आईच्या पाटावर मासा कापतानाचं टाका, तेच जास्त चालेल.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल विचारणा होत असते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ कामं आहेत आणि त्यात लोहार आहे, हातोडा-अवजारं बनवणारा आहे, बोट बांधणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणाराही आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. पण ती हौशींसाठी नाही. जो हाताने ते काम आधीपासून करतोय त्याच्यासाठी आहे, आणि एका कुटुंबातून एकालाच. म्हणजे ज्या घरात जाळं विणण्याच्या नावाने अर्ज गेलाय, तिथे पोराच्या भट्टीसाठी दुसरा जाणार नाही. कर्ज काढून भट्टी मांडायचा विचार तर पहिली तीन वर्षं करूच नका. यातून कोणी श्रीमंत होत नाही. वर्षाला घरची दोन हत्यारं आणि शेजारपाजारची पाच-सहा झाली तरी भट्टीचा खर्च निघाला म्हणायचा.

आता सोसायटीकडे माझी मागणी. प्रत्येक घरामागे वेगळी भट्टी लागण्यापेक्षा दुरुस्तीच्या शेडपलीकडची मोकळी जागा जूनमध्ये आठ दिवस द्यावी. एक भट्टी, एक ऐरण, दोन वाळूच्या बादल्या सोसायटीच्या. एक अनुभवी लोहार, आपल्या भागातला घिसाडी मिळाला तर फारच छान, रोजावर बोलवावा आणि त्याची राहण्या-जेवणाची सोय आपण करावी. त्याची बाई सोबत घण मारत असेल तर रोज दोघांचा, एकाचा नाही. पोरं १८ च्या वरचीच, एका वेळी सहा. आणि पहिल्या दिवशी सकाळी लोहाराच्या शेजारी बाजारात बसणाऱ्या तीन-चार जणींना बसवावं, त्यांच्या जुन्या झिजलेल्या कोयत्या घेऊन. कुठे बोट दुखतं, कुठे पातं अडतं, सुरमईला काय लागतं आणि बोंबलाला काय, हे त्यांनी सांगायचं आणि पोरांनी लिहून घ्यायचं. आठव्या दिवशी ज्या कोयत्या तयार होतील त्या त्याच जणींनी महिनाभर वापरायच्या, ऑगस्टमध्ये मासळी सुरू झाल्यावर, आणि मग सांगायचं कुठली टिकली आणि कुठली नाही. पुढच्या मासिक सभेत हा विषय मी लेखी देतोय. ज्यांच्याकडे मोडके पाटे पडलेत त्यांनी भंगारात घालू नका, शेडजवळ आणून ठेवा.